रात्री किल्ली कोणाकडे?



गेल्या पावसाळ्यात एका पहाटे आमच्या वसतिगृहातील सहावीची मुलगी पोट दुखते म्हणून रडू लागली. थोड्या वेळाने तिच्या पापण्या मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले. अंगावर चावल्याची खूण कुठेच नव्हती. गृहमातेला मण्यारीची शंका आली. ती फाटकाकडे धावली, तर फाटकाला कुलूप! किल्ली पहारेकऱ्याच्या खिशात आणि तो मागे पंपाच्या खोलीत झोपलेला. त्याला शोधून उठवण्यात वीस मिनिटे गेली. प्रभुकृपेने मुलगी वाचली. पण ती वीस मिनिटे आमच्या चुकीची होती आणि तुमच्यापासून ती लपवणे बरे नव्हे.

कुलूप आम्हीच, पालकांच्या आग्रहावरून, मुलींच्या सुरक्षिततेसाठी लावले होते. बाहेरच्या धोक्यासाठी केलेला बंदोबस्त आतल्या धोक्याच्या वेळी असा आडवा येतो. 2001 साली तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळताच आले नाही. 28 जण गेले.

आता फाटकाची एक किल्ली गृहमातेकडे, एक पहारेकऱ्याकडे आणि एक दाराशेजारच्या खिळ्याला असते. मागच्या दाराला कुलूप नाही, आतून कडी आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 108, 112, 101 हे क्रमांक आहेत. त्याखाली गावातील जीपवाल्याचा नंबर, कारण पावसात रुग्णवाहिकेला उशीर होऊ शकतो. फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते, हेही लिहिले आहे. सापाची लस कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे, याची चौकशी पावसाळ्याआधीच करून ठेवतो.

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्याला चावली तर बहुधा दुखतही नाही, म्हणून पोटदुखी समजून सकाळपर्यंत थांबण्याची चूक होते. अशा वेळी जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. माणसाला धीर देऊन, शक्य तितके न हलवता रुग्णालयात न्यावे. पालकसभेत हे सांगितले तेव्हा गावचे भगतही बसले होते. त्यांना बाजूला सारण्यापेक्षा, ‘तुमच्याकडे कोणी आला तर आधी जीप बोलवा,’ अशी विनंती केली. त्यांनी मान हलवली, हेही थोडे नाही.

महिन्यातून एकदा रात्री, आगाऊ न सांगता शिट्टी वाजते. साऱ्या मुली ध्वजस्तंभाजवळ जमतात आणि नावे घेऊन हजेरी होते. पहिल्या वेळी दोघी पांघरुणात तशाच झोपून राहिल्या होत्या! डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हापासून अशा सरावाची गरज होती. आम्ही टाळत आलो.

एका वडीलधाऱ्यांनी विचारले, ‘देवावर भरवसा नाही का?’ मी त्यांना नहेम्याची आठवण दिली. त्याने प्रार्थना केली आणि पहाराही बसवला.

नाताळला तुम्ही पाठवलेली ब्लँकेट पुरून उरली आहेत. यंदा मात्र खाटा आणि मच्छरदाण्या हव्यात. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर डासांबरोबर मण्यारही बाहेर राहते. साठांपैकी सव्वीस मुली अजून जमिनीवर झोपतात, आणि जूनला फार दिवस उरलेले नाहीत.