संगणकावरील संहिता : शोध घेताना पाळावयाची पथ्ये

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच देवगिरीच्या परिसरात, छत्रपती संभाजीनगरात, चिकित्सा करणारा वैद्य आज संहितेतील एखादा शब्द संगणकावर क्षणार्धात शोधू शकतो. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन मेडिकल हेरिटेज या संस्थेने ई-संहिता व ई-निघंटु सिद्ध केले आहेत. जर्मनीतील ‘ग्रेटिल’ या संग्रहात अष्टांगहृदयाचा पाठ उपलब्ध आहे. ही सोय मोलाचीच आहे. परंतु शोधात शब्द आढळला नाही, एवढ्यावरून ‘चरकात याचा उल्लेख नाही’ असे शोधनिबंधात लिहिले जाते आणि पुढील अभ्यासक तेच विधान उद्धृत करतात. म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असा शोध अक्षरांचा असतो, अर्थाचा नव्हे.

पहिले पथ्य लेखनाचे. मराठीत आपण शुंठी, गंध, लंघन असे अनुस्वाराने लिहितो. संस्कृत पाठात बहुधा शुण्ठी, गन्ध, लङ्घन अशी रूपे असतात. दोन्ही प्रकारे शोध घ्यावा. ‘ग्रेटिल’चा पाठ रोमन लिपीत, उच्चारचिन्हांसह आहे, तेथे ऱ्हस्व-दीर्घ व मूर्धन्य वर्णांची चिन्हे अचूक द्यावी लागतात. ग्रंथाची पाने केवळ छायाचित्ररूपाने साठविलेली असतील, तर त्यांत शब्दशोध होत नाही.

दुसरे पथ्य संधी व समास यांचे. ‘च’नंतर अश्वगन्धा आली की ‘चाश्वगन्धा’ होते; आरंभीचा ‘अ’ दिसेनासा होतो. अशा वेळी ‘श्वगन्ध’ एवढाच मधला अंश द्यावा, म्हणजे विभक्तीची बहुतेक रूपेही हाती येतात. ‘संपूर्ण शब्द’ हा पर्याय असल्यास तो निवडू नये. चरकाच्या तृप्तिघ्न महाकषायात गुडूची दीर्घ समासाच्या मध्यभागी आहे. सुटा शब्द शोधणाऱ्यास ती सापडणार नाही. संधी सोडवून शब्दाच्या मूळ रूपावरून शोध घेण्याची सोय ‘डिजिटल कॉर्पस ऑफ संस्कृत’ या संग्रहात आहे; चरक, सुश्रुत व वाग्भट यांसाठी तिचा लाभ घ्यावा.

तिसरे व सर्वांत महत्त्वाचे पथ्य पर्यायनामांचे. पन्नास महाकषाय सांगणाऱ्या चरक सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायातच तृप्तिघ्न गणात ‘गुडूची’, वयःस्थापन गणात ‘अमृता’ आणि स्नेहोपग गणात ‘मधुपर्णी’ अशी नावे येतात. मधुपर्णी म्हणजेही सामान्यतः गुडूची घेतली जाते. म्हणून आधी निघंटु पाहून पर्यायांची यादी करावी आणि प्रत्येक नावाने स्वतंत्र शोध घ्यावा. याची दुसरी बाजू अधिक सावधगिरीची आहे. भावप्रकाशात ‘अमृता’ हे नाव गुडूचीप्रमाणेच हरीतकी व आमलकी यांनाही दिले आहे. ‘महौषध’ हा शब्द शुंठी व लशुन या दोहोंसाठी कोशांत आढळतो. शब्द सापडला म्हणजे द्रव्य सापडले असे नव्हे. येथे चुकलेला अर्थ रुग्णाच्या योगात उतरू शकतो.

म्हणून सापडलेली ओळ एकटी घेऊ नये. मागचे-पुढचे श्लोक, अधिकरण व टीका पाहावी. हेमाद्रीने एखाद्या शब्दाचा काय अर्थ लावला, हे केवळ मूळ पाठ असलेल्या प्रतीत कळणार नाही. शेवटी मुद्रित ग्रंथाशी ताडून पाहावे. चरकासाठी यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली, चक्रपाणिदत्ताच्या टीकेसह असलेली निर्णयसागरची १९४१ ची आवृत्ती प्रमाण मानली जाते. आवृत्तीगणिक श्लोकांक बदलू शकतात. म्हणून स्थान, अध्याय व श्लोकांक यांसोबत आवृत्तीही नोंदवावी.

एवढे करूनही काही आढळले नाही, तर ‘उल्लेख नाही’ असे न लिहिता ‘अमुक पाठात, अमुक शब्दांनी शोधले असता आढळले नाही’ असे लिहावे, अशी आमची वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे. असे विधान पुढच्या अभ्यासकास तपासता येते, आणि जो शब्द आपल्याला सुचला नाही, तो त्याला सुचू शकतो.