हिरवळ मेली की झोपली?

मंडळी, आजचा विषय घरासमोरच्या हिरवळीचा आहे. म्हणजे आपण ज्याला लॉन म्हणतो, ते उजाड झाल्यावर पुन्हा बियांपासून कसं उभं करायचं आणि नगरसारख्या गावात ते कोणत्या महिन्यात करायचं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. गवत शिकायला निवृत्तीनंतर बसलो आणि पहिल्याच परीक्षेत नापास झालो. ती हकिगत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच शिकलेलं आहे.

सावेडीतल्या आमच्या घरापुढे चारशे चौरस फुटांची हिरवळ होती. साधी हरळीच, घर बांधलं तेव्हा लावलेली. २०१८ चा पावसाळा कसा गेला ते तुम्हाला आठवत असेल. ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले अनेक तालुके होते. गावोगावी टँकर फिरत असताना अंगणात पाइप सोडणं मनाला पटेना. आम्ही हिरवळीचं पाणी बंद केलं. २०१९ च्या मे महिन्यात ती काथ्यासारखी तपकिरी झाली आणि आम्ही ती मेली असं जाहीर करून टाकलं.

कॉलनीत कामाला येणारे माळीमामा म्हणाले, "सर, हरळी कुठं मरती व्हय? पाऊस तर पडू द्या." आम्ही ऐकलं नाही. दोन कुदळी खोल जमीन खणून घेतली आणि मुळ्यांच्या पाट्याच्या पाट्या भरून बाहेर काढल्या. आमचा पुतण्या न्यू जर्सीला असतो. तो म्हणाला, "काका, आता थांबा. लॉनचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच टाकायचं, इथे सगळे तसंच करतात." मग फेस्क्यू आणि राय या विलायती गवतांचं मिश्र बी ऑनलाइन मागवलं आणि दिवाळी झाल्यावर पेरलं.

आठ दिवसांत उगवलं! संक्रांतीला तिळगूळ द्यायला आलेली मंडळी चपला काढून त्यावर उभी राहायची. मार्चमध्ये मात्र पाती टोकाकडून करपू लागली. रोज एक पिंप पाणी देऊनही एप्रिलमध्ये टकलं पडली आणि मे संपेपर्यंत सगळं संपलं. जून २०२० मध्ये पहिला पाऊस झाला, आणि कुंपणाच्या कडेने जिथे कुदळ नीट पोचली नव्हती तिथून हरळीचे कोंब वर आले. माळीमामा काही बोलले नाहीत. नुसते हसले.

चूक पुतण्याची नव्हती. त्याच्या अंगणापुरता त्याचा सल्ला बरोबर होता. चूक अशी, की आम्ही महिन्याचं नाव तेवढं उचललं, त्यामागचं कारण उचललं नाही.

कारण काय ते बघा. अमेरिकेच्या उत्तर भागात सप्टेंबरमध्ये जमीन अजून उबदार असते, त्यामुळे बी लवकर रुजतं. हवा थंड होऊ लागलेली असते, त्यामुळे कोवळं रोप भाजत नाही. उन्हाळी तणांचा जोर ओसरलेला असतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पुढचा कडक उन्हाळा येण्याआधी त्या गवताला शरद आणि वसंत असे दोन थंड ऋतू मुळं खोल न्यायला मिळतात. आपल्याकडे त्याच पेरणीनंतर चार-पाच महिन्यांत चैत्र दारात उभा असतो.

शिवाय गवताची जात वेगळी. ही जात म्हणजे काय ते समजायला आपल्या शेताकडे बघितलं तर पुरे. गहू रब्बीत येतो, बाजरी खरिपात. गव्हाला थंडी लागते आणि ऊन तापलं की तो पिकून वाळतो. बाजरी, ज्वारी, ऊस ही पिकं उन्हात वाढतात. पानाच्या आत हवेतला कार्बन पकडणारं जे विकर आहे, ते उष्णता वाढली की चुकून ऑक्सिजनही पकडू लागतं आणि झाडाची कमाई वाया जाते. गव्हाच्या गटातल्या झाडांकडे यावर फारसा इलाज नसतो. बाजरीच्या गटाने मात्र पानात एक जास्तीची सोय केलेली आहे: कार्बन आधी गोळा करायचा आणि त्या विकराजवळ दाटीने नेऊन सोडायचा, म्हणजे ऑक्सिजनची गडबड जवळजवळ होत नाही. म्हणूनच तेवढ्याच पाण्यात हा गट जास्त वाढ करून दाखवतो.

फेस्क्यू आणि राय ही गवतं गव्हाच्या गटातली. हरळी बाजरीच्या गटातली. म्हणजे आम्ही अंगणात एका अर्थी गहू पेरला होता आणि तो वैशाखात हिरवा राहावा अशी अपेक्षा धरली होती. एखाद्या शेतकऱ्याने असं केलं असतं तर आम्हीच त्याला हसलो असतो.

आता दुसरी चूक, आणि ती आमच्या विषयातली असल्यामुळे जास्त लाजेची. न्यायशास्त्रात सदोष हेतूंची चर्चा आहे. धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं, कारण अग्नी नसलेल्या ठिकाणी धूर सापडत नाही. पण जो हेतू दोन्हीकडे सापडतो, म्हणजे साध्य असेल तिथेही आणि नसेल तिथेही, त्याला सव्यभिचार म्हणतात. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. गवत पिवळं आहे, म्हणून ते मेलं, हे अनुमान नेमकं असं आहे. मेलेलं गवत पिवळं असतं आणि झोपलेलंही पिवळंच असतं. हा दोष आम्ही वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर लिहून दाखवला होता, आणि स्वतःच्या अंगणात तोच केला.

हरळीचा जीव पात्यात नसतो. जमिनीखाली तिची आडवी, पेरांची खोडं पसरलेली असतात. शेतकरी त्यांना हरळीच्या मुळ्या म्हणतो आणि त्यांच्या नावाने बोटं मोडतो. पाणी तुटलं की ती वरचा संसार आवरून खाली जाते. थंडीतही वाढ थांबवून पिवळी पडते. तेव्हा कुदळ उचलण्याआधी दोन परीक्षा घ्या. खुरप्याने वीतभर जागा उकरा आणि मुळी मोडून बघा. आतून पांढरी, चिवट, ओलसर असेल तर जिवंत; तपकिरी होऊन काडीसारखी कडकन मोडली तर गेली. दुसरी परीक्षा म्हणजे हवा उबदार असताना एक चौरस फूट जागा दोन आठवडे रोज भिजवा. जिवंत असेल तर कोंब दिसतील. निम्म्याहून जास्त हिरवळ जिवंत निघाली तर बी टाकायची गरजच नाही. मोकळ्या जागी तिच्याच मुळ्यांचे तुकडे लावा, बाकी काम ती करते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघायची तर आपल्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारला जा. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा तिथले डोंगर बोडके होते. गावाने समतल चर खणले, झाडं लावली आणि चराईबंदी केली. गुरं डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून घरी न्यायचं. पाणी मुरलं, तोंड लागणं थांबलं, आणि उघड्या दिसणाऱ्या उतारांवर गवत उभं राहिलं. उजाड दिसणाऱ्या जमिनीत काय शिल्लक आहे हे आधी विचारायचं आणि त्याला सवड द्यायची, ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे.

पण समजा परीक्षा घेतली आणि गवत खरंच गेलेलं निघालं, तर मग बियांची पेरणी. ती आमच्या दुसऱ्या प्रयत्नात साधली, म्हणून क्रमाने सांगतो.

पहिली जमीन. १९४२ मध्ये पंडित नेहरूंना आपल्या भुईकोट किल्ल्यात ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी तिथल्या अंगणात फुलझाडांचे वाफे केले. माती वाईट होती, दगडगोट्यांची आणि जुन्या बांधकामाच्या ढिगाऱ्याची, असं त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या पहिल्याच प्रकरणात सांगितलं आहे. नगरच्या बहुतेक बंगल्यांच्या अंगणाची हीच कथा: वर वीतभर माती, खाली मुरूम आणि गवंड्याने पुरलेला सिमेंटचा राडा. तो आधी काढा. सहा इंच माती मोकळी करून तिच्यात पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत आणि पोयटा मिसळा. कच्चं शेणखत घातलंत तर तणांचं बी फुकट मिळेल. पाणी घरापासून दूर वाहील इतका हलका उतार द्या. माती तपासून घ्यायची असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठात सोय आहे.

दुसरं, तण. तयार जमीन भिजवून दोन-तीन आठवडे नुसती सोडा. गाजर गवत, लव्हाळा, जे काय असेल ते उगवू द्या आणि मग काढा. लव्हाळा उपटताना खालची गाठ आली पाहिजे, नुसती पात तोडलीत तर तो पुन्हा येतो. या कामात घाई करू नका. ते आठवडे वाया जात नाहीत.

तिसरं, वेळ. हरळीच्या बियाला उबदार जमीन लागते. मातीचं तापमान वीस अंशांच्या खाली गेलं की उगवण रखडते. म्हणून मृगात जमीन तयार ठेवायची आणि आर्द्रा-पुनर्वसूत, म्हणजे जूनअखेर ते जुलै मध्यापर्यंत पेरायचं. आपल्याकडे जुलैमध्ये बहुधा भुरभुर असते, ती कोवळ्या रोपाला मानवते. नगरला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. तोवर मुळं धरलेली असली तर त्या पावसाचा फायदा होतो, नाहीतर बी वाहून जातं. जुलै हुकला तर गणपतीच्या सुमाराची उघडीप ही शेवटची संधी समजा. नवरात्रानंतर हरळीचं बी टाकू नये.

चौथं, पेरणी. दर चौरस मीटरला सात ते दहा ग्रॅम बी पुरतं. बी अगदी बारीक असतं, म्हणून चौपट कोरड्या वाळूत मिसळा. निम्मं उभं फेका, निम्मं आडवं, म्हणजे पट्टे राहत नाहीत. वरून खताचा पाव इंचाहून पातळ थर द्या आणि फळीने दाबा. बी खोल गेलं की उगवत नाही, आणि उघडं राहिलं की मुंग्या नेतात. वर जुनी साडी किंवा गोणपाट अंथरा, कोंब दिसताच काढा. पहिले पंधरा दिवस पाऊस नसेल तेव्हा झारीने दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं पाणी द्या. पुढे अंतर वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी भरपूर द्या, म्हणजे मुळं खाली जातील. गवत दोन इंच झालं की पहिली कापणी. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका.

शरदात मग काहीच करायचं नाही का? करायचं. ऑक्टोबरमध्ये शेवटची लव्हाळ्याची वेचणी करा, हलकं खत द्या आणि थंडीत हिरवळ पिवळी पडली तर पडू द्या. हिवाळ्यात हिरवं दिसावं म्हणून हरळीवर राय पेरण्याची रीत अमेरिकेच्या दक्षिणेत आहे, पण तिथेही ते पाहुणं गवत उन्हाळ्यात जातंच. नगरला ती चैन परवडण्यासारखी नाही.

परवडण्याचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यात अवघड आहे. हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ऐन उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला सहा मिलिमीटर धरा. आमचे चारशे फूट म्हणजे सदतीस चौरस मीटर, म्हणजे रोज सव्वादोनशे लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड आहे. म्हणजे आमचं अंगण दीड माणसाहून जास्त पाणी पीत होतं. हा आकडा आम्ही कागदावर मांडला तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "मग हा दीड माणूस कोण, ते ठरवा." आम्ही ठरवलं. आता हिरवळ दीडशे फुटांची आहे, बाकी जागेत फरशी आणि कढीपत्ता. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी तिला मिळतं. साबणाचं पाणी देत नाही, आपल्या आधीच खारवट जमिनीला ते सोसत नाही. मार्चनंतर ती पिवळी पडते. भाद्रपदात सौ. तिच्यातूनच दूर्वा खुडतात.

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, "सर, आमची हिरवळ पार वाळलीय, माणूस उद्या खणायला येणार आहे. कोणतं बी आणू?" त्यांना दिलेलं उत्तर इथेही देऊन ठेवतो. त्या माणसाला उद्या येऊ नको म्हणून सांगा. एक चौरस फूट पंधरा दिवस भिजवा. बियांचं त्यानंतर बघू.