एकच हुकूम, सगळी रांग!

मुलांनो, कवायतीच्या तासाला सर एकेका मुलाजवळ जाऊन 'सावधान' म्हणत बसले, तर? तास तिथेच संपायचा! सर एकदाच मोठ्यानं म्हणतात आणि सगळी रांग ताठ होते. काँप्युटरलाही असाच हुकूम देता येतो बरं का!

कल्याणला आमच्या वर्गातल्या ४० मुलांची सोमवारी उंची मोजली, मंगळवारी वजन घेतलं. नंतर पाहते तो काय, काटा रिकामा असतानाही २ किलो दाखवतोय! आता प्रत्येकाच्या वजनातून २ वजा करणं आलं. मी वही उघडली, तेवढ्यात डोंबिवलीहून माझी भाची आली. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. म्हणाली, "मावशी, एकेक कशाला? सगळ्यांना एकदम सांगू की!"

तिनं 'आर' सुरू केली. ही आकडेमोडीची भाषा. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती बनवली. दोघांच्याही नावाचं इंग्रजी आद्याक्षर 'आर'च! ती फुकट मिळते.

आरमध्ये आकड्यांच्या अशा रांगेला 'व्हेक्टर' म्हणतात. समजा रांग आहे २३, ३१, २७, २९. हुकूम एवढाच: 'वजन उणे २'. उत्तर येतं २१, २९, २५, २७. जितके आकडे तितकी उत्तरं, ज्याचं त्याच्या जागेवर. असा हुकूम म्हणजे 'व्हेक्टराइज्ड फंक्शन'. आतल्या आत वजाबाकी एकेकाचीच होते. पण 'आता पुढचा घे' असं आपल्याला सांगावं लागत नाही. सरासरीचं मात्र तसं नाही. तिला सगळी रांग दिली, तरी उत्तर एकच!

मग आम्ही वजनाला उंचीच्या वर्गानं भागलं. हा आकडा वयाच्या तक्त्याशी ताडला, की मूल फार बारीक तर नाही ना, ते कळतं. ४० उत्तरं झटकन आली. पण माझ्या वर्गातला सगळ्यांत हडकुळा मुलगा त्यात अगदी ठणठणीत! असं कसं?

पाहिलं तर मंगळवारी सातव्या नंबरची मुलगी गैरहजर होती. उंच्या ४०, वजनं ३९! सातव्या जागेपासून प्रत्येकाला पुढच्याचं वजन मिळालं होतं. आणि चाळिसाव्याला? आरनं फिरून पहिल्या मुलाचं वजन दिलं! खाली एक इशारा छापला होता, पण आम्ही तो वाचलाच नाही.

"सातव्या जागी शून्य टाकू का?" मी विचारलं. भाची हसली. "मग २ वजा केल्यावर तिचं वजन उणे २ किलो होईल!" तिनं तिथे 'एनए' लिहिलं, म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही'. त्यातून २ वजा केले तरी ते एनएच राहतं. आता सगळे आपापल्या जागी आले, आणि त्या हडकुळ्या मुलाचं नाव डॉक्टरांना दाखवायच्या यादीत लागलं.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. जगातल्या भुकेचा अभ्यास त्यांनी आकड्यांवरूनच केला. आकड्याच्या मागे माणूस असतो, तो असा!

करून पाहा: पाच मित्रांची वयं ओळीनं लिहा आणि सगळ्यांत १० मिळवा. एखाद्याचं वय ठाऊक नसेल, तर त्याची जागा मोकळी ठेवा. पुसून मात्र टाकू नका हं!