आयोगाचा अहवाल जातो कोठे?

आयोग नेमला की मोहल्ल्यात चर्चेला उधाण येते. अहवाल सादर झाला की वर्तमानपत्रांत मथळे झळकतात. पुढे सारे शांत! "त्या अहवालाचे काय झाले?" असे दुकानदार, यंत्रमागधारक, फेरीवाले सारेच आम्हाला विचारतात. याचे उत्तर हवे असेल, तर सर्व आयोग एकाच प्रकारचे नसतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे लागेल.

पहिला प्रकार चौकशी आयोगाचा. हा १९५२ च्या कायद्यान्वये नेमला जातो. अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारने तो कृती अहवालासह संसदेपुढे किंवा विधिमंडळापुढे ठेवावा, असे या कायद्याचे बंधन आहे. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरील न्या. श्रीकृष्ण आयोगाने १६ फेब्रुवारी १९९८ रोजी अहवाल दिला. राज्य सरकारने तो ६ ऑगस्ट १९९८ रोजी विधिमंडळात मांडला. म्हणजे मुदत पाळली गेली. मात्र सरकारने आयोगाचे प्रमुख निष्कर्ष अमान्य केले. कायदा अहवाल मांडायला लावतो, मानायला लावत नाही.

दुसरा प्रकार कायमस्वरूपी आयोगाचा. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाला १९९२ च्या कायद्याचा आधार आहे. तो आपला वार्षिक अहवाल केंद्र सरकारला देतो. सरकारने कोणत्या शिफारशींवर काय केले आणि ज्या स्वीकारल्या नाहीत त्या का नाही, याचे टिपण जोडून तो संसदेपुढे ठेवायचा असतो. मात्र येथे सहा महिन्यांसारखी ठरावीक मुदत नाही.

तिसरा प्रकार केवळ सरकारी आदेशाने नेमलेल्या समित्यांचा व आयोगांचा. येथे सारे काही सरकारच्या मर्जीवर. डॉ. गोपाल सिंग समितीने १९८३ साली दिलेला अहवाल संसदेत आला १९९० साली. न्या. सच्चर समितीचा अहवाल १७ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधानांना सादर झाला व ३० नोव्हेंबरला संसदेत आला. न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाचा मे २००७ चा अहवाल मात्र १८ डिसेंबर २००९ रोजी मांडला गेला, तोही कृती अहवालाविना.

व्यापाऱ्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. सच्चर समितीने बँकांच्या कर्जवाटपाचे आकडे तपासले. मुस्लिमबहुल वस्त्यांवर काही बँका 'निगेटिव्ह झोन'चा शिक्का मारतात, ही तक्रारही तिने नोंदवली. ज्याचा कर्जाचा अर्ज केवळ पत्ता पाहून बाजूला पडला, त्याचे दुखणे त्यामुळे सरकारदरबारी लेखी आले. अल्पसंख्याकांच्या कर्जपुरवठ्याबाबत रिझर्व्ह बँकेची बँकांना परिपत्रके आहेत. शाखेत जाताना तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा परिपत्रकाची प्रत हाती असणे केव्हाही बरे.

तेव्हा आमची व्यापारी संघटनांना सूचना अशी की, नवा आयोग नेमला जाताच तो कोणत्या कायद्याखाली आहे, हे प्रथम पाहावे. निवेदन द्यायचे ते लेखी व आकडेवारीसह द्यावे. अहवाल सादर झाल्याची तारीख डायरीत नोंदवावी. चौकशी आयोग असेल आणि सहा महिने उलटले, तर आपल्या आमदाराला किंवा खासदाराला सभागृहात प्रश्न विचारायला लावावे. २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा अर्जही करता येतो. आयोगाचे काम अहवाल देऊन संपते. पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो.