बजेट गेमिंग पीसीची रॅम: एक मोठी स्टिक की दोन छोट्या?

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर. सांगलीचा मुलगा आहे, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत काम करून पैसे जमवलेत, पण त्यात ग्राफिक्स कार्ड बसत नाही. म्हणून रायझन ५ ५६००जी घ्यायचा आणि त्याच्या आतल्याच ग्राफिक्सवर गेम खेळायचे असं ठरलंय. दुकानदार म्हणतो, "१६ जीबीची एकच स्टिक घे, पुढे दुसरी लावता येईल." घ्यावी का?

माझं उत्तर: नको. ८ जीबीच्या दोन घे. का, ते बघू.

या प्रोसेसरला रॅमपर्यंत जायला दोन रस्ते असतात, त्यांना चॅनल म्हणतात. एकच स्टिक लावली तर एक रस्ता बंदच राहतो. गणित सोपं आहे. डीडीआर४ ३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा डेटाची ने-आण, दर वेळी ८ बाइट. गुणाकार केला की येतात सेकंदाला २५.६ जीबी. दोन स्टिक असतील तर ५१.२.

आता इथे खरी गोम आहे. ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डाच्या जीडीडीआर५ मॉडेललाही सेकंदाला १२८ जीबी मिळतात. ५६००जी च्या ग्राफिक्सला मात्र आपली हीच रॅम वापरायची असते, तीही प्रोसेसरबरोबर वाटून. दोन स्टिक लावूनही ती तोकडीच पडते, मग एकीवर काय होईल? फ्रेमरेट धाडकन खाली. तेवढ्याच जीबीसाठी, जवळपास तेवढ्याच पैशात!

दुकानदाराचं म्हणणं अगदीच चूक नाही हं. स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा दोनच स्लॉट असतात. ते दोन्ही भरले की पुढे ३२ करताना जुन्या स्टिक विकाव्या लागतात. पण "पुढे" कधी येणार? आणि आली तरी तीच स्टिक मिळेल याची खात्री नाही. वेगळी जोडी लावली तर बहुतेक वेळा दोन्ही हळू असलेल्या स्टिकच्या वेगाने चालतात, कधी कधी पूर्ण वेगावर अडखळतात. तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड असेल तर एका स्टिकचा फटका कमी बसतो. तेव्हा हा सल्ला एकवेळ चालेल. या मुलासाठी नाही.

८ जीबीत भागेल का? नाही. विंडोज स्वतःचा वाटा घेणार, आतलं ग्राफिक्सही थोडी राखून ठेवणार. जीटीए ५ पीसीवर २०१५ मध्ये आला तेव्हा शिफारस ८ जीबीची होती. सायबरपंक २०७७ ची शिफारस आता १६ आहे. म्हणजे १६ घ्याच, ३२ साठी ताण नको.

आता पाकिटावरचे आकडे. वेगाबरोबर सीएल बघा. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागलं की नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल १६ म्हणजे १०. ३६०० सीएल १८ म्हणजेही १०. २६६६ सीएल १९ मात्र १४ च्या वर. या प्रोसेसरला ३२०० सीएल १६ पुरेशी आहे. ३६०० त्याच भावात मिळाली तर उत्तम. चमकणाऱ्या लाइटचे पैसे वाचवा, एसएसडीत घाला.

डीडीआर५ चं काय? ५६००जी च्या एएम४ बोर्डात ती बसतच नाही, खाचच वेगळी असते. एएम५ घेणाऱ्यांना मात्र तीच लागते. तिच्या एका स्टिकमध्ये ३२ बिटचे दोन भाग असतात म्हणून "एकच पुरे" असं कुणी सांगेल. ऐकू नका. दोन्ही मिळून ६४ बिटच होतात, त्यामुळे तिथेही जोडीच घ्या.

पीसी जोडल्यावर तीन गोष्टी करा. चार स्लॉट असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरा, बोर्डाच्या पुस्तिकेत बघून घ्या. मग बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. ते राहिलं तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरही चालत राहते. शेवटी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग आणि किती स्लॉट भरलेत ते तपासा. सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका. डीडीआरमध्ये प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून तो आकडा निम्माच दिसतो.

तर दुकानात जाऊन एवढंच म्हणायचं: "८ जीबीच्या दोन, ३२००, सीएल १६, एकाच पाकिटातली जोडी, आणि पक्कं बिल." वॉरंटीला तेच बिल लागतं.

प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!