बदल कुणाच्या तिकिटावर झाला?

सर्व्हरवरची फाइल कुणी बदलली तर ते यंत्रानेच सांगावं, ही कल्पना पहिल्यांदा सर्वदूर वापरात आणली ती ट्रिपवायर या सॉफ्टवेअरने. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जीन किम हा विद्यार्थी आणि जीन स्पॅफर्ड हे त्याचे प्राध्यापक, या दोघांनी ते लिहिलं आणि २ नोव्हेंबर १९९२ रोजी लोकांसाठी खुलं केलं. तारीख ठरवून निवडली होती. बरोबर चार वर्षांपूर्वी मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने इंटरनेटवरची हजारो यंत्रं अडवली होती आणि त्या वर्मची चिरफाड करणाऱ्यांत स्पॅफर्ड पुढे होते. ट्रिपवायरचं काम सरळ होतं. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीचा गणिती ठसा घ्यायचा, तो बदलता येणार नाही अशा जागी ठेवायचा, आणि ठरावीक वेळाने नवा ठसा घेऊन जुन्याशी ताडून पाहायचा. फरक दिसला की अहवाल.

त्या अहवालात काय बदललं ते असायचं. कुणाच्या सांगण्यावरून बदललं, ते नसायचं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा मागोवा घेताना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही उणीव. या क्षेत्रात पुढे जे काही घडलं, त्यातलं बरंचसं ती भरून काढण्याच्या धडपडीतून घडलं.

कारण त्याच काळात तिकिटांची, म्हणजे प्रत्येक तक्रार किंवा बदलाची विनंती क्रमांक देऊन नोंदवण्याची, व्यवस्था वेगळ्याच वाटेने वाढत होती. ब्रिटिश सरकारने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयटी सेवांसाठी आयटिल ही कार्यपद्धती लिहायला घेतली. १९९० मध्ये सुरू झालेल्या रेमेडी या कंपनीने तक्रारी आणि बदलाच्या विनंत्या नोंदवायचं सॉफ्टवेअर घराघरांत नाही, पण कचेऱ्याकचेऱ्यांत नेलं. पुढे २००२ मध्ये ती बीएमसी सॉफ्टवेअर या कंपनीकडे गेली. त्याच बीएमसीचं मोठं केंद्र पुण्यात आहे, त्यामुळे तिकीट या विषयाशी पुण्याचं नातं नुसतं वापरणाऱ्याचं नाही. पण कंपन्यांत ट्रिपवायर पाहणारे सुरक्षावाले आणि रेमेडी पाहणारे हेल्पडेस्कवाले यांची गाठ क्वचित पडायची. एकाकडे घडलेल्या गोष्टींची यादी, दुसऱ्याकडे ठरवलेल्या गोष्टींची, आणि दोन्ही याद्या एकत्र ठेवून वाचायचं काम कुणाचंच नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. सातबाऱ्यावर नाव चढलं किंवा उतरलं, की त्याशेजारी फेरफार क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा उघडला, की वारसाने, खरेदीने की वाटणीने, नोटीस निघाली का, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली का, सगळं सापडतं. ज्या नोंदीला फेरफार क्रमांक नाही, ती पाहून वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. सर्व्हरच्या बाबतीत हा क्रमांकच नव्हता.

तो यावा यासाठी जोर लागला तो बाहेरून. एन्रॉन आणि वर्ल्डकॉम बुडाल्यावर २००२ मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा आला आणि हिशेबाच्या आकड्यांना हात लावणाऱ्या यंत्रणांवरचे बदल कुणाच्या परवानगीने होतात, हे ऑडिटर विचारू लागले. २००४ च्या डिसेंबरात कार्डांच्या व्यवहारांसाठी पीसीआय डीएसएस आलं, त्यात महत्त्वाच्या फाइलींची ठरावीक काळाने तुलना करण्याची अट होती. अमेरिकी ग्राहकांची कामं करणाऱ्या हिंजवडीच्या, एअरोलीच्या कचेऱ्यांत हे नियम आपोआप येऊन पोहोचले.

ऑडिटच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत एक फसगत फार सहज व्हायची. ऑडिटर तिकिटांची यादी मागायचा, त्यातली काही निवडायचा आणि प्रत्येकाची मंजुरी तपासायचा. सगळं नीट निघायचं, कारण ज्या बदलांना तिकीट होतं तेच तपासले जात होते! जाणकार ऑडिटर उलटीकडून यायचा. तो यंत्राकडून बदलांची यादी घ्यायचा आणि एकेका बदलावर बोट ठेवून विचारायचा, याचं तिकीट दाखवा. मग छापील अहवाल पसरून, वेळा जुळवत, कुणाला तरी रात्र काढावी लागायची. दोन्ही प्रणाली एकमेकींना जोडाव्यात ही मागणी माझ्या मते याच टेबलावर जन्मली.

पहिली जोडणी मात्र उलट्या टोकाने झाली. बदल दिसला की तिकीट उघड, इतकंच. ईमेलने किंवा छोट्या स्क्रिप्टने ते जमायचं आणि पहिल्या आठवड्यात कौतुकही व्हायचं. मग पॅचचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या चढवण्याचा, दिवस यायचा. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून महिन्याचा दुसरा मंगळवार पॅचसाठी ठरवून दिला होता. एका पॅचने एका यंत्रावरच्या शेकडो फाइली बदलतात, अशी यंत्रं शेकडो. सकाळी हेल्पडेस्कच्या रांगेत तिकिटांचा ढीग, आणि रात्रपाळीच्या पोरांना एकच उपाय उरायचा, तो म्हणजे सगळी निवडून एकदम बंद करणं. त्यात एखादं खरं तिकीट असेल तर तेही जायचं. मी हा दोष त्या पोरांचा मानत नाही. माणसाने वाचावं अशा प्रमाणात ज्याने इशारे दिले नाहीत, त्या रचनेचा तो दोष आहे.

शहाणपण आलं ते क्रम उलटवल्यावर. आधी मंजूर तिकिटं पाहायची, झालेला बदल त्यांतल्या एखाद्याशी जुळतो का ते शोधायचं, जुळला तर त्या बदलावर तिकिटाचा क्रमांक चिकटवून नवा ठसा बेसलाइन, म्हणजे पुढच्या तुलनेचा आधार, म्हणून स्वीकारायचा, आणि जो जुळणार नाही त्याचंच नवं तिकीट काढायचं. २००४ मध्ये फ्रेड लडी यांनी सुरू केलेली सर्व्हिसनाऊ ही तिकीटप्रणाली वेबवरून चालणारी होती. तिच्यासारख्या प्रणालींनी दुसऱ्या सॉफ्टवेअरला थेट विचारणा करता येईल असे दरवाजे उघडे ठेवले, तेव्हा हे व्यवहारात सोपं झालं.

खरी मेख जुळवण्यात आहे. बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी जुळवल्या जातात, सर्व्हरचं नाव आणि वेळ. शनिवारी रात्री दहा ते दोन या सर्व्हरवर काम मंजूर आहे ना, मग त्या चार तासांत त्यावर जे बदललं ते सगळं मंजूर. हे वाचायला सोयीचं वाटतं, पण घुसखोराला यापेक्षा चांगली वेळ कुणी दिली नसेल. त्याने त्या चार तासांत पासवर्डची फाइल बदलली तरी तिच्यावर अधिकृत तिकिटाचा क्रमांक बसतो आणि बेसलाइन त्याचं काम जपून ठेवते. म्हणून बदल कोणत्या खात्यातून झाला, कोणत्या फाइली बदलणं अपेक्षित होतं, पॅच बनवणाऱ्याने दिलेल्या ठशाशी नवी फाइल जुळते का, इथपर्यंत जावं लागतं. त्यासाठी कोणता सर्व्हर कशाचा आणि कुणाचा ही मूळ यादी खरी असावी लागते. जोडणीचे प्रकल्प रखडलेले मी पाहिले ते बहुधा याच यादीपाशी. सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंनी तयार असायचं, पण एकीकडे यंत्राचं नाव एक आणि दुसरीकडे वेगळंच.

तोवर सगळ्यांची नजर एकाच प्रश्नावर होती, परवानगी नसताना काय बदललं? त्याची दुसरी बाजू १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उघडी पडली. नाइट कॅपिटल या दलाली फर्मने आपल्या आठ सर्व्हरांवर नवा कोड चढवायचं ठरवलं होतं. सातांवर चढला, आठव्यावर राहिला. दुसऱ्या माणसाने तपासावं अशी लेखी पद्धत नव्हती. आठव्यावर पॉवर पेग नावाचा जुना कोड पडून होता, २००३ पासून न वापरलेला, आणि नव्या कोडसाठी जी खूण वापरली तिनेच तो जागा झाला. बाजार उघडल्यावर ४५ मिनिटांत १५४ शेअरांमध्ये चाळीस लाखांहून जास्त सौदे झाले आणि नुकसान ४६ कोटी डॉलरांच्या पुढे गेलं. घाबरून तंत्रज्ञांनी सात चांगल्या सर्व्हरांवरचा नवा कोड काढला, तेव्हा आग आणखी पसरली.

अमेरिकी बाजार नियामकाच्या २०१३ च्या आदेशात एक तपशील आहे. बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्या यंत्रणेने आपल्याच कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते, आणि त्यांत पॉवर पेगचा उल्लेख होता. ते इशारा म्हणून रचलेले नव्हते, म्हणून कुणी तसे वाचले नाहीत. आठ सर्व्हरांचं एक तिकीट आणि आठ सर्व्हरांचे ठसे यांची सकाळी गाठ घालून दिली असती, तर तिकिटात आठ आणि प्रत्यक्षात सात एवढं सांगायला यंत्राला क्षणही लागला नसता. जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, तेही जोडणीने सांगितलं पाहिजे. आजही अनेक ठिकाणी जोडणी एकाच दिशेने चालते. हे मला अस्वस्थ करतं.

पीसीआयच्या नियमात बदल सापडल्यावर त्याला प्रतिसाद देण्याची पद्धत असावी, ही स्वतंत्र अट २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. आपल्याकडे हा विषय सामान्य माणसापर्यंत पोहोचला तो पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला तेव्हा. एटीएमच्या खऱ्या स्विचला बाजूला सारणारा खोटा स्विच उभा राहिला, पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत, आणि २८ देशांतल्या एटीएममधून व स्विफ्टवरून मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. सहकारी बँकेत पैसा ठेवणाऱ्या पुणेकरांना तेव्हा कळलं, की यंत्रणेतला अनोळखी बदल हा संगणकवाल्यांचा खाजगी विषय नाही.

दरम्यान ज्या जीन किमने ट्रिपवायर लिहिलं, तोच पुढे वेगळ्या निष्कर्षाकडे गेला. चांगल्या कंपन्या बदलांची शिस्त कडक पाळतात, असं त्याने सहकाऱ्यांबरोबर व्हिजिबल ऑप्स या पुस्तकात मांडलं होतं. २०१८ मध्ये निकोल फोर्सग्रेन आणि जेझ हम्बल यांच्यासोबत लिहिलेल्या ॲक्सिलरेट या पुस्तकात दिसलं, की दूरच्या समितीने द्यायच्या मंजुरीमुळे काम मंदावतं आणि बिघाड मात्र कमी होत नाहीत. काहींना ही कोलांटउडी वाटली. मला तशी वाटत नाही. दोन्ही वेळा मुद्दा नोंदीचा होता. आता ती नोंद कोडच्या भांडारातच होते, कुणी लिहिलं, कुणी तपासलं, केव्हा चढलं हे तिथेच असतं. टेराफॉर्मसारखं साधन कोडमध्ये लिहिलेली स्थिती आणि यंत्रणेची खरी स्थिती यांतली तफावत दाखवतं. समिती गेली तरी ताडून पाहणं राहिलंच.

१९ जुलै २०२४ रोजी भारतात सकाळची वेळ असताना सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या क्राउडस्ट्राइक कंपनीची एक छोटी फाइल जगभरच्या यंत्रांवर पोहोचली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर थांबली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ग्राहकांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उशिरा घ्यायची असं ठरवून ठेवलं होतं, तरी उपयोग झाला नाही, कारण ही फाइल आवृत्तीत मोजलीच जात नव्हती. तिच्यासाठी तिकीट काढायची सोयच कुणाकडे नव्हती. त्यानंतर क्राउडस्ट्राइकने अशा फाइली टप्प्याटप्प्याने सोडायला आणि त्या कुठे, कधी घ्यायच्या हे ग्राहकांना ठरवू द्यायला सुरुवात केली. म्हणजे आता विक्रेत्याकडून आपोआप येणाऱ्या फाइलीलाही वेळ, यंत्रांचा गट आणि तिकिटाचा क्रमांक देता येतो. ज्या कंपन्यांनी ही सोय वापरून त्या फाइली आपल्या बदलांच्या वेळापत्रकात घेतल्या, त्यांच्याकडे ताडून पाहायला निदान दोन्ही याद्या आहेत.