भांडी धुण्याचे यंत्र

भांडी धुण्याचे यंत्र हे गरम पाणी, डिटर्जंट आणि पाण्याच्या फवाऱ्याचा जोर यांच्या साहाय्याने जेवणाची व स्वयंपाकाची भांडी स्वच्छ करणारे विद्युत उपकरण आहे. मराठी भाषकांत ते ‘डिशवॉशर’ या इंग्रजी नावानेच अधिक परिचित आहे. उपाहारगृहे व रुग्णालये येथे त्याची उपयुक्तता निर्विवाद मानली जाते. कौटुंबिक वापरात मात्र ती घरातील भांड्यांचा प्रकार, पाण्याची उपलब्धता, हाताने भांडी घासण्याची पद्धत आणि ते काम सध्या कोण करते, या गोष्टींवर अवलंबून असते.

इतिहास

अमेरिकेतील जोएल हॉटन यांनी १८५० मध्ये हाताने फिरवावयाच्या लाकडी यंत्राचे पेटंट मिळवले. त्यात भांड्यांवर पाणी उडवले जाई. परंतु ते फारसे परिणामकारक नव्हते. पाण्याच्या दाबाचा वापर करणारे पहिले यशस्वी यंत्र इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथील जोसेफीन कॉक्रन यांनी तयार केले. त्यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचे पेटंट मिळाले. भांड्यांच्या आकारानुसार वळवलेल्या तारांचे कप्पे आणि त्यांवर खालून येणारा साबणाच्या गरम पाण्याचा फवारा ही या यंत्राची वैशिष्ट्ये होती. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते मांडण्यात आले.

कॉक्रन यांचे सुरुवातीचे ग्राहक प्रामुख्याने हॉटेले व उपाहारगृहे होती. यंत्राची किंमत आणि त्यास लागणारे भरपूर गरम पाणी या दोन्ही गोष्टी त्या काळी सामान्य घरांच्या आवाक्याबाहेर होत्या. १९२९ मध्ये जर्मनीतील मीले या कंपनीने युरोपातील पहिले विजेवर चालणारे यंत्र बाजारात आणले. अमेरिका व युरोपातील मध्यमवर्गीय घरांत या यंत्राचा प्रसार मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. भारतात ते दीर्घकाळ अपवादानेच दिसे. मार्च २०२० मध्ये लागू झालेल्या टाळेबंदीत घरकामगारांचे येणे थांबल्यानंतर शहरी भागात त्याची मागणी लक्षणीयरीत्या वाढली.

रचना व कार्य

यंत्राचा आतील कक्ष सामान्यतः स्टेनलेस स्टीलचा असतो. त्यात भांडी मांडण्यासाठी दोन किंवा तीन जाळीदार कप्पे आणि त्यांच्या खाली-वर फिरणारे फवारा-दांडे असतात. यंत्र सुरू केल्यावर तळाशी काही लिटर पाणी घेतले जाते व ते तापवले जाते. पंपाच्या साहाय्याने हेच पाणी दांड्यांच्या छिद्रांतून पुनःपुन्हा भांड्यांवर मारले जाते. छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या प्रतिक्रियेमुळे दांडे आपोआप फिरतात. खरकटे तळाच्या गाळणीत अडकते. मळलेले पाणी बाहेर टाकल्यावर स्वच्छ पाण्याने भांडी विसळली जातात आणि शेवटी गरम पाण्याच्या उष्णतेवर ती वाळतात.

स्वच्छतेचे चार घटक मानले जातात : रसायन, यांत्रिक जोर, तापमान आणि वेळ. हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या या संकल्पनेस ‘झिनरचे वर्तुळ’ म्हणतात. एक घटक कमी केला, तर दुसरा वाढवावा लागतो. म्हणूनच ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमात पाणी कमी तापवले जाते आणि त्याची भरपाई वेळ वाढवून केली जाते. असा कार्यक्रम तीन तासांहून अधिक चालणे हा दोष नसून त्या बचतीचाच भाग आहे.

यंत्रास तीन पदार्थ लागतात. डिटर्जंटमध्ये अल्कधर्मी क्षार, डाग घालवणारे पदार्थ आणि प्रथिने व पिष्ट यांचे विघटन करणारी एन्झाइमे असतात. विसळण्याच्या द्रवामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन भांड्यांवर थेंबांचे डाग राहत नाहीत. तिसरा पदार्थ म्हणजे मीठ. ते भांड्यांसाठी नसून यंत्रातील पाणी मृदू करणाऱ्या रेझिनच्या पुनरुज्जीवनासाठी असते. कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम रेझिन शोषून घेते. विंधनविहिरीच्या कठीण पाण्यावर अवलंबून असलेल्या वसाहतींत मिठाकडे दुर्लक्ष झाल्यास भांड्यांवर पांढरा थर बसतो आणि यंत्राचे आयुष्यही घटते.

भांड्यांची योग्यता

महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात ताटे, वाट्या, पेले, डबे अशी स्टीलची भांडी मोठ्या प्रमाणावर असतात. ही भांडी, तसेच काच व चिनीमाती यंत्रासाठी योग्य आहेत. मात्र पुढील वस्तू यंत्रात टाकू नयेत :

* बिडाचा किंवा लोखंडी तवा व कढई – तेलाचा मुरलेला थर निघून जातो व गंज चढतो.
* ॲल्युमिनियमची पातेली व कुकर – अल्कधर्मी डिटर्जंटमुळे काळी पडतात.
* तांबे, पितळ व कल्हईची भांडी – रंग बदलतो आणि कल्हई झिजते.
* लाकडी पोळपाट, लाटणे, रवी – पाणी व उष्णता यांमुळे तडकतात.
* धारदार सुऱ्या व विळीची पाती – धार बोथट होते.

नॉन-स्टिक भांड्यांच्या बाबतीत निर्मात्याची सूचना पाहणे आवश्यक असते. प्लास्टिकचे डबे वरच्या कप्प्यात ठेवावे लागतात.

पाश्चात्त्य देशांत यंत्राची क्षमता ‘एका व्यक्तीचा जेवणाचा संच’ या एककात सांगितली जाते. ६० सेंटीमीटर रुंदीच्या यंत्रात सामान्यतः १२ ते १४ संच, ४५ सेंटीमीटर रुंदीच्या यंत्रात ९ ते १० संच, तर ओट्यावर ठेवावयाच्या लहान यंत्रात ६ ते ८ संच मावतात. हे एकक सपाट बश्या गृहीत धरते. काठाची ताटे, खोल वाट्या, परात, पातेली व कढई यांना अधिक जागा लागते. त्यामुळे १२ संचांचे यंत्र बारा जणांच्या मराठी जेवणाची सर्व भांडी एका वेळी धुईल, असा अर्थ घेता येत नाही.

पाणी व वीज

जर्मनीतील बॉन विद्यापीठात झालेल्या एका प्रसिद्ध तुलनात्मक अभ्यासात बारा जणांची भांडी हाताने धुण्यास सरासरी सुमारे १०० लिटर पाणी लागल्याचे आढळले. आधुनिक यंत्र तेवढ्याच भांड्यांसाठी साधारणतः १० ते १५ लिटर पाणी वापरते. यंत्रामुळे पाण्याची मोठी बचत होते हा दावा बहुधा अशा तुलनेवर आधारलेला असतो. तथापि त्याच अभ्यासात व्यक्तीव्यक्तींच्या पाणीवापरात फार मोठा फरक दिसून आला होता.

हा फरक भारतीय संदर्भात निर्णायक ठरतो. मिनिटाला ६ लिटर पाणी सोडणारा नळ भांडी घासताना वीस मिनिटे उघडा राहिला, तर १२० लिटर पाणी वाहून जाते. याउलट खरकटे आधी काढून भांडी कोरडी किंवा ओलसर घासून घेणे, मग ती एकाच वेळी दोन घमेल्यांत विसळणे, ही पाणीटंचाईच्या गावांत रुजलेली पद्धत यंत्राइतक्याच पाण्यात काम भागवू शकते. म्हणजेच पाण्याची बचत ही सध्याच्या सवयीच्या तुलनेत मोजावी लागते.

विजेच्या बाबतीतही युरोपातील निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. तेथे हाताने भांडी धुण्यासाठीही गरम पाणी वापरले जात असल्याने यंत्रामुळे ऊर्जा वाचते. भारतात बहुतेक घरांत भांडी थंड पाण्याने धुतली जातात. त्यामुळे यंत्राची वीज हा अतिरिक्त खर्च ठरतो. १० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास सुमारे ०.३५ युनिट वीज लागते. पाणी एकापेक्षा अधिक वेळा तापवणे, पंप चालवणे व भांडी वाळवणे हे धरून एका फेरीस कार्यक्रमानुसार साधारण पाऊण ते दीड युनिट वीज खर्च होते.

यंत्रासाठी पाण्याचा पुरेसा दाबही लागतो. अर्धा बार दाब मिळण्यासाठी टाकीतील पाण्याची पातळी नळापासून सुमारे ५ मीटर उंच असावी लागते. त्यामुळे इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, जेथे टाकी थेट डोक्यावर असते, दाब अपुरा पडण्याची शक्यता असते.

वेळ व श्रमविभागणी

भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. भांडी घासणे हा या कामाचा रोजचा आणि न टळणारा भाग आहे. नोकरी करणाऱ्या दांपत्याच्या घरी रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा-पाऊण तास मोकळा होणे, हा यंत्राचा सर्वांत मोठा लाभ मानला जातो.

यंत्र घासण्याचे काम करते. मात्र खरकटे काढणे, भांडी कप्प्यांत लावणे, धुतलेली भांडी मांडणीवर ठेवणे, गाळणी साफ करणे आणि ओटा पुसणे ही कामे शिल्लक राहतात. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी ‘मोअर वर्क फॉर मदर’ (१९८३) या ग्रंथात घरगुती यंत्रांमुळे गृहिणीचे काम अपेक्षेइतके कमी झाले नाही, हे दाखवून दिले आहे. यंत्र भरणे व रिकामे करणे हे काम घरातील एकाच व्यक्तीकडे राहिले, तर श्रमाचे स्वरूप बदलते, विभागणी बदलत नाही. मुले व पुरुष यांना सहज करता येईल असे हे काम असल्याने ते वाटून घेण्याची संधी मात्र यंत्रामुळे निर्माण होते.

घरकामगारांवरील परिणाम

महाराष्ट्रातील शहरांत धुणी-भांडी करणाऱ्या स्त्रियांना बहुधा कामागणिक मासिक वेतन मिळते. भांड्यांचे काम बंद झाल्यास त्यांच्या उत्पन्नातील तेवढा भाग थेट कमी होतो. या क्षेत्रातील कामगारांच्या कल्याणासाठी राज्यात ‘महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८’ हा कायदा करण्यात आला. मात्र एखाद्या घराने काम थांबवल्यास ते उत्पन्न टिकून राहील, अशी व्यवहारात हमी नसते. त्यामुळे काही कुटुंबे यंत्र घेतल्यानंतरही मोठी भांडी, ओटा व इतर स्वच्छता यांसाठी मदतनीस कायम ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी किंवा पाहुण्यांच्या वेळी यंत्र वापरतात. अशा वेळी यंत्र हा वेतनाला पर्याय न राहता पूरक खर्च होतो आणि हिशेब त्यानुसार मांडावा लागतो.

खर्चाचा हिशेब

यंत्राचा खरा खर्च किमतीवरून नव्हे, तर प्रत्येक फेरीवरून समजतो. उदाहरणादाखल यंत्राची किंमत ४५,००० रुपये, आयुष्य १० वर्षे, एका फेरीचे डिटर्जंट, मीठ व द्रव मिळून १८ रुपये आणि एक युनिट विजेचे ९ रुपये धरल्यास :

* रोज एक फेरी – किमतीचा वाटा सुमारे १२ रुपये. एकूण सुमारे ३९ रुपये प्रतिफेरी, म्हणजे महिन्याला साधारण ११७० रुपये.
* एक दिवसाआड फेरी – किमतीचा वाटा सुमारे २५ रुपये. एकूण सुमारे ५२ रुपये प्रतिफेरी.

दुरुस्तीचा खर्च यात धरलेला नाही. प्रत्यक्ष दर स्थानानुसार बदलतात. परंतु वापर जितका कमी, तितकी प्रत्येक फेरी महाग, हे सूत्र कायम राहते.

निर्णयाचे निकष

चार-सहा माणसांचे कुटुंब, दोन्ही वेळचे घरचे जेवण, मुख्यतः स्टील व काचेची भांडी, पाण्याचा नियमित पुरवठा, १६ अँपिअरचे भूजोडणी असलेले विद्युतस्थान आणि भांडी घासण्याचे काम घरातल्यांवरच असणे – या परिस्थितीत यंत्र उपयुक्त ठरते. दोन माणसांचे घर, बिडाची-पितळेची भांडी अधिक, पाणी दिवसातून एखादा तास आणि साठवणीची टाकी नाही, किंवा विश्वासू मदतनीस आधीच उपलब्ध, अशा घरात त्याचा लाभ मर्यादित राहतो.

खरेदीपूर्वी आठवडाभर रोजची भांडी दोन ढिगांत वेगळी करून पाहणे ही सोपी चाचणी आहे : यंत्रात चालणारी व न चालणारी. दुसरा ढीग पहिल्याच्या बरोबरीचा असेल, तर यंत्र आल्यावरही मोरीतले काम जवळपास निम्मे उरते. पहिला ढीग रोज एक कप्पा तरी भरत असेल आणि तो लावण्यास घरातील एकाहून अधिक माणसे तयार असतील, तर यंत्रावरील खर्च सार्थ ठरण्याची शक्यता अधिक असते.